मधी नाव नको

१९ ऑगस्ट. सकाळपासून मशीनवर डीजेवाल्यांचे फ्लेक्स चढवते आहे. गणपती तोंडावर आले की माझ्या दुकानात देवापेक्षा डीजेच जास्त छापले जातात. काळा गॉगल, छातीवर बांधलेले हात, मागे आगीचे लोळ आणि खाली लांबून दिसेल एवढ्या अक्षरांत नाव. साताऱ्यात इतकी वर्षं हा धंदा करते आहे, पण स्वतःचं नाव कुठेही लावू न देणारे या लाइनीतले एकच गृहस्थ मी पाहिले. त्यांच्याइतकं चांगलं काम करणाराही दुसरा पाहिला नाही.

त्यांना आम्ही सुभेदार म्हणायचो. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण साताऱ्यात निवृत्त फौजीला सुभेदाराच्या खाली कुणी मोजत नाही. सगळी नोकरी पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवण्यात गेलेली. मूळचे जत तालुक्यातले. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. माझ्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचे. खोलीत एक कॉट, एक जुना कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर. पहाटे उठायचे, दाढी करायचे, पॉलिश केलेले बूट चढवायचे आणि परेडला जावं तसे त्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसायचे. तिथे ते डीजेवर वाजणारी नाचाची गाणी बनवायचे. "बूट घातल्याबिगर ठेका बसत न्हाई ताई," म्हणायचे.

बाकीचे लोक इंटरनेटवरून तयार आवाज उचलतात. सुभेदार आवाज आणायला गावी जायचे. एकदा गेले ते टँकरचं पाणी पिंपात पडतानाचा आवाज मोबाईलमध्ये भरून घेऊन आले. मी म्हटलं, "याचं काय करणार? लोणचं?" त्यांनी वर बोलावून ऐकवलं. पिंप रिकामं असताना पाणी घुमतं, मग भरत जाईल तसा आवाज बारीक होत वर चढतो, आणखी चढतो, आता पिंप वाहणार असं वाटतं आणि त्या क्षणी धनगरी ढोल पडतो. माझ्या अंगावर काटा आला. मला सहसा येत नाही.

"आमच्याकडं टँकर लागला की समदं गाव पिंपाकडं कान लावून उभं ऱ्हातंय," ते म्हणाले. "ह्याच्यापरास मोठी वाट बघणं दुसरं कुठलं?"

गाणं जमलं की नाही हे ते मला विचारायचे नाहीत. मी फ्लेक्सच्या कडांना दोरी ओवायच्या रिंगा मारत बसले की खाली येऊन गाणं लावायचे आणि टेबलाखाली बघत राहायचे. पाय हलला नाही तर लगेच वर. "तुमचा पाय न्हाई हलला. गाणं कच्चं हाय." मी हिशेबी बाई, नाचगाण्याशी माझा संबंध नाही, म्हणूनच त्यांनी मला निवडलं असावं. टँकरच्या गाण्याला माझ्या हातून रिंग वाकडी बसली. सुभेदार लहान मुलासारखे हसले आणि ते गाणं माझ्याही मोबाईलमध्ये टाकून दिलं.

आता आमच्याकडची रीत सांगते. प्रत्येक डीजे आपल्या गाण्यात थोड्या थोड्या वेळाने आपलं नाव ओरडून घेतो. एखाद्या बाईच्या नाहीतर राक्षसाच्या आवाजात, तेही इंग्रजीत. त्याला टॅग म्हणतात. टॅग नसला तर गाणं चोरीला जातं आणि मंडळाची पोरंही विचारत नाहीत. माझ्यासमोर एका मंडळाचा अध्यक्ष आला होता. मी म्हटलं, वर जाऊन ऐका तरी. त्याने विचारलं, "डीजे कोण?" मी म्हटलं, नाव लावत नाहीत. "मग ऱ्हाऊ दे ताई. पोस्टरवर काय लिवू?" ऐकलंसुद्धा नाही.

मी सुभेदारांना सरळ सांगितलं, "टॅग घाला. फ्लेक्स मी करून देते."

"मधी नाव नको. नाव आलं की पाय चुकतो. नाचणारा माणूस सोताला इसरलेला असतो, ताई. त्येला मधीच माझी आठवण कशाला?"

"मग विकणार कसं?"

"पोटाला पेन्शन हाय की."

पण त्यांना काहीच नको होतं असं नाही. बँड आणि स्पीकरपायी डावा कान गेला होता आणि उजवाही उतरत चालला होता. हाक मारली की मान वळवून उजवा कान पुढे करायचे. गाणं मोठ्या सेटअपवर, मिरवणुकीत, लोक नाचत असताना एकदा ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. "औंदाचंच वरीस हाय," म्हणायचे. मी मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागले होते. "मिरवणूक होऊ दे. आत्ता गेलो तर त्यो म्हनंल, आवाजापाशी जाऊ नका."

त्या वर्षी गणपतीच्या आधी सांगलीचा एक डीजे फ्लेक्स न्यायला आला. त्याला इथे किंग म्हणते. त्याचं नाव एवढं मोठं, की मंडळं त्याला आधी ठरवायची आणि मग काय वाजवणार ते विचारायची. तो फ्लेक्सवरच्या स्वतःच्या फोटोचा रंग बघत होता, तेवढ्यात वरून पिंप भरायला लागलं. ढोल पडला तसा तो बोलता बोलता थांबला आणि जिना चढून वर गेला. मीही मागोमाग गेले.

"सुभेदार, हे मला द्या. माझ्या नावानं वाजवतो."

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"घे," सुभेदार म्हणाले. "फ्लेक्सवर लाव, मोबाईलवर लाव, टेंपोवर लिव. पर गाण्याच्या मधी बोलायचं न्हाई. एकदाबी न्हाई."

"आवं, मग लोकास्नी कसं कळंल माझं हाय ते?"

"तुझं न्हाईच की रं."

किंग हसला, कानाच्या पाळीला हात लावला आणि कबूल झाला. तो गेल्यावर मी चिडले. एवढं काम असं देऊन टाकायचं? सुभेदारांनी उजवा कान माझ्याकडे केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नावाला कान न्हाईत, ताई. मला हायेत. अजून थोडं दिवस."

मिरवणुकीत किंगने शब्द पाळला. तोवर त्याचं तोंड थांबलं नव्हतं, पण हे गाणं लावताना त्याने माइक खिशात घातला. पाणी चढायला लागलं. रस्त्यावरच्या गर्दीचा गलबला आपोआप कमी झाला. कसली वाट बघतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण सगळे वाट बघत होते. ढोल पडला आणि अख्खा रस्ता एकदम उचलला गेला. बंदोबस्तावरचा हवालदार काठी टेकवत होता, ती ठेक्यात पडायला लागली. ओट्यावरून बघणाऱ्या बायका पदर खोचून खाली उतरल्या. मी खूप मिरवणुका पाहिल्या आहेत. एवढ्या लोकांचे पाय एकाच वेळी जमिनीला लागताना मी तेव्हाच पाहिले, आणि ते करणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता. उजवा कान स्पीकरकडे, तळवा खोक्यावर, डोळे मिटलेले, टाचा जुळवलेल्या.

मागून कुणीतरी ओरडलं, "किंगचा नाद न्हाई करायचा!"

गाणं संपलं. सुभेदारांनी तळवा काढला. "ऐकलं, ताई. समदं ऐकलं."

पुढे त्यांनी गाणं केलं नाही. किंग दोनदा येऊन गेला, विनवून गेला. "झालं की," एवढंच उत्तर. आता ते जतला भावाकडे असतात आणि ढोलही कानापाशी आणावा लागतो, असं भाऊ सांगतो.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान बंद ठेवून त्यांना मिरजेच्या एसटीत बसवलं. कराड सोडल्यावर पुढच्या बाकावरच्या तरुणाच्या मोबाईलमधून तेच गाणं आलं. रातोरात कुणीतरी उचललं होतं आणि पाणी नेमकं काठाला येत असताना एक बाई भलत्याच डीजेचं नाव किंचाळत होती. सुभेदार खिडकीतून ऊस बघत बसले होते. त्यांना काही ऐकू आलं नाही.

मी उठून त्या तरुणाजवळ गेले. "हे बंद कर. माझ्याकडे चांगलं आहे."

"डीजे कोण हाय, मावशी?"

मी सुभेदारांकडे बोट केलं. त्याने पांढऱ्या मिशा बघितल्या, मांडीवरची कापडी पिशवी बघितली. "सकाळ सकाळ चेष्टा करता व्हय?"

मी वाद घातला नाही. त्याच्या मोबाईलवर गाणं पाठवलं, इअरफोन कानात घालायला लावले आणि पिंप भरेपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिले.