दोन इंजिनांच्या विमानाची वाट

श्रीरामपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "काम झालं की लगीच ये. उगं रेंगाळू नको." पायलट व्हायचं शेवटचं प्रशिक्षण दोन इंजिनांच्या विमानावर असतं. पंधरा दिवसांत होईल, असं परराज्यातल्या त्या फ्लाइंग स्कूलने सांगितलं होतं.

तिथे एका इंजिनाची विमानं बरीच, दोन इंजिनांचं एकच. मी पोचले त्याच आठवड्यात ते बिघडलं. परदेशातून पार्ट आला तो चुकीचा. बरोबरचा आला तर विमान उडण्यालायक आहे अशी सही करणारे इंजिनिअर रजेवर. आम्ही ताटकळलेल्या मुली रोज सकाळी इस्त्रीचा युनिफॉर्म घालून विमान ठेवायच्या हँगरमध्ये जायचो, विमानाकडे बघायचो आणि मेसमध्ये परत यायचो. आई फोनवर विचारायची, "आज तरी उडाली का गं?" गावाकडे काकूने तर वरून गेलेल्या एका विमानाला, मीच असेन म्हणून, हातही केला होता.

असे काही महिने गेल्यावर शेवटी वैतागून चुलतभावाच्या साखरपुड्याला गावी बेलापूरला आले. दुसऱ्याच दिवशी जेवायला बसले तोच स्कूलमधून फोन आला. विमान दुरुस्त झालंय, परवा तुमचा नंबर, नाही आलात तर नंबर शेवटी. आण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "इतके महिने काय झोपले हुते का तुमी? पोरगी आत्ता कुठं ताटावर बसली हाय." पलीकडच्या बाईंना मराठी कळत नव्हतं. त्या शांतपणे 'जी सर' म्हणत राहिल्या. बोलून दमल्यावर आण्णांनी मोटारसायकल काढली आणि पुढची रेल्वे पुण्याहून म्हणून संगमनेरला मला पुण्याच्या एसटीत बसवून दिलं.

उडाले. वर गेल्यावर शेजारी बसलेल्या, शिकवणाऱ्या सरांनी मुद्दाम एका इंजिनाची ताकद कमी केली. विमान एका बाजूला ओढायला लागलं. सगळा जोर लावून पायाखालचं पेडल दाबून धरलं आणि ते सरळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी विमान पुन्हा बंद. उड्डाणाचे लागणारे माझे तास अर्धेच झालेत.

गाव सोडलेल्यांना हे कळेल. इथे सगळे फार शांत असतात. ऑफिसवाले शांत, इंजिनिअर शांत, आता तर माझ्यासोबत ताटकळणाऱ्या मुलीही शांत. संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं. आण्णा भडकले, आई मागून स्कूलला नावं ठेवत होती. मी त्यांना थांबवलं नाही. इथे माझ्या वतीने चिडणारं कुणीच नाही.