हात नको, कोपर द्या

हॅलोबाईंचा हात कोणी धरलेला त्यांना खपत नसे. रस्ता ओलांडायला कोणी पुण्यवान माणूस मनगट पकडून ओढू लागला, की त्या जागच्या जागी उभ्या राहायच्या. खुंटा रोवल्यासारख्या. मग गोड आवाजात म्हणायच्या, "हात नको, कोपर द्या. तुम्ही मला धरायचं नाही, मी तुम्हाला धरणार." समोरचा गोंधळायचा. मदत करायला आलेल्या माणसाला अटी घालणारी आंधळी बाई त्याने कधी पाहिलेली नसायची.

मीही नव्हती पाहिली. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, म्हणून आमच्या इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं हॅलोबाई. जन्मापासून दिसत नव्हतं. मूळच्या शिरढोणकडच्या, आगरी घरातल्या. भावाचा तिकडे तीन मजली बंगला. या मात्र सुकापूरला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकट्या. मी तेव्हा तिशीतली. अंगावर दागिने बेताचे, पण अक्कल अंगभर मिरवणारी.

आमची ओळख झाली ती ग्रहणामुळे. ग्रहण सुटलं, मी न्हाले, आणि दान द्यायला पात्र माणूस शोधायला खाली उतरले. रिक्षास्टँडवर या उभ्या, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात पांढरी काठी. मला काठी तेवढी दिसली. तांदळाची पिशवी त्यांच्या हातात कोंबून मी नमस्कार केला.

"कोण?"

"मी समोरची. ग्रहण सुटलं ना, म्हणून..."

"असं होय! द्या," म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन बँकेत गेल्या.

दोन दिवसांनी दारात उभ्या, हातात झाकलेलं ताट. "वहिनी, तुमच्याच तांदळाच्या भाकऱ्या. ग्रहण चांगलं भाजून काढलंय, बिनधास्त खा." मऊसूत, पापुद्रा सुटलेल्या भाकऱ्या. मी चार खाल्ल्या. लाज वाटायला हवी होती, पण भाकऱ्या फारच छान होत्या.

त्या दिवसांत सुकापूर म्हणजे नुसतं बांधकाम. आज जिथून गेलात तिथे उद्या वाळूचा ढीग, परवा खड्डा. फूटपाथ होता तिथे कोणाची तरी स्कूटर. बाई काठीने चाचपत जायच्या आणि पडायच्यासुद्धा. एकदा गटाराच्या खोदकामात पडल्या, गुडघा फुटला. मी हळद लावताना उपदेश सुरू केला, "कशाला हो रोज जीव धोक्यात घालता?" त्या म्हणाल्या, "वहिनी, खड्डा ज्यांनी उघडा ठेवला त्यांना कोणी विचारलं का, कशाला खणता म्हणून?" दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते तर लंगडत, त्याच रस्त्याने, त्याच वेळी निघालेल्या. मी चहाचा कप हातात धरून बघतच राहिले. चहावर साय आली. न पडणाऱ्या माणसाचं कौतुक कोणालाही वाटेल, मला या पडणारीचं नवल वाटत होतं.

मग एकदा त्यांच्याकडे दूध करपलं. जिनाभर वास. झालं, इमारत पेटली! एकटी आंधळी बाई, घरात गॅस, उद्या सगळे जाऊ. यात सर्वांत मोठा गळा कोणाचा? अस्मादिकांचा. काळजीपोटी हो! सेक्रेटरींनी रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली आणि त्यांच्या भावालाच बोलावून घेतलं.

भाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला. "चल ना बाय, आमच्याकडं कसली कमी हाय? नोकरीबी नको, चूलबी नको."

"दादा, तुज्याकडं सगळं हाय," बाई त्याच्याशी गावच्या बोलीत बोलायच्या, "पन मला कुनी कायबी करू देत नाय. सोफ्यावर बसून बसून मी उशी व्हईन."

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, भावना समजतात, पण सुरक्षिततेचा प्रश्न आहे." माना डोलल्या. भाऊ म्हणाला, सामान आजच हलवू. बाई काठी दोन्ही हातांत घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांची बोटं पांढरी पडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आणि तेवढ्यात वास आला. करपल्याचा, धुराचा.

"बघा! बघा!" कोणीतरी ओरडलं आणि अख्खी मीटिंग जिना चढून हॅलोबाईंच्या दाराशी. मीही, सर्वांच्या पुढे. बाई खाली आमच्यासमोर बसल्या होत्या, दाराला कुलूप होतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. भाऊ किल्ली घेऊन आला. आत शेगडी थंडगार, ओटा लख्ख.

धूर येत होता समोरून. माझ्या दारातून. मीटिंगला वेळेवर पोचण्याच्या घाईत मी हरभऱ्यांचं पातेलं गॅसवर तसंच ठेवून आले होते. हरभऱ्यांचा कोळसा झाला होता.

काठी टेकत बाई वर आल्या. मला वाटलं, आता माझी सालटी निघणार. त्या म्हणाल्या, "वहिनी, हाताला भाजलं नाही ना?" मग वळून म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, यांचं करपलं तर त्या विसरल्या. माझं करपलं तर मी आंधळी. एवढं सोडलं तर आमच्या दोघींच्या पातेल्यांत फरक नाही."

भावाने आधी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग काय," तो म्हणाला, "ह्या वहिनींना पन नेऊ शिरढोनला?"

जिनाभर हशा पिकला. सामान हललं नाही. त्या तिथेच राहिल्या, निवृत्त झाल्या, आणि गेल्या वर्षी गेल्या, आपल्याच घरातून.

आता मला काचबिंदू आहे. समोरचं बरं दिसतं, कडेचं जग पुसलं गेलंय. परवा कळंबोलीहून मुलगा आला. "आई, आता आमच्याकडे चल. दूध उतू गेलं म्हणे तुझं?"

"तुझ्या बायकोचं गणपतीत गेलं होतं. तिला कुठे पाठवलंस?"

तो हसला आणि डॉक्टरकडे न्यायला माझं मनगट धरलं. मी खुंटा झाले. "हात नको, कोपर दे."

तो अर्धं पाऊल पुढे, मी मागे. जिन्यात त्याचं कोपर खाली गेलं, की पायरी आली हे मला न बघता कळत होतं. बाई किती वर्षं माझं कोपर धरून बाजारात यायच्या. मी आपली ऐटीत चालायचे, लोकांना दिसावं म्हणून, की बघा, मी यांना कशी सांभाळून नेतेय.