पेन्सिल दिसली की शून्य

अमरावतीत बी.ए.ला मानवशास्त्र घेतलं तेव्हा वाटलं होतं, तीन वर्षांत ज्ञान जमा होईल. जमा झाले ते घाबरल्याचे किस्से! मी आणि माझी मैत्रीण रोशनी, म्हणजे तिवस्याहून एसटीनं रोज अप-डाउन करणारी, कॉलेजसमोरच्या टपरीवर बसलो की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. बहुतेक किस्से माझेच. मी भित्री आहे, त्यात लपवायचं काय!

पहिली भीती अ‍ॅडमिशनच्याच दिवशीची. माझे बाबा अकोल्यात सरकारी ऑफिसात क्लार्क. फॉर्म हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काय शिकवतेत याच्यात?"

"माणूस," मी म्हटलं.

"माणूस शिकाले फी काहून लागते?"

एमपीएससीला चालतो म्हटल्यावर सही केली. पण बसस्टँडवर निघताना म्हणाले, "एका विषयात बी नापास झाली, त बॅग भर अन् घरी ये." बाबा ओरडत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. मला अमरावती सोडायची नव्हती. इथं भाड्याची का होईना एक खोली होती आणि तिची चावी माझ्याकडे होती. तेव्हापासून जर्नल उघडलं की मला आधी अकोल्याची बस दिसायची!

*

पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी माझ्या हातात कवटी दिली. खरीखुरी! माझे हात असे थरथरले की कवटीचे दात वाजायला लागले. मागच्या बेंचवरून कोणीतरी म्हणालं, "सर, कवटी काहीतरी सांगून राहिली!"

सर हसले नाहीत. सर हसत नाहीतच. माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाले, "मेलेल्याले काहून भेतं? तो मार्क कापत नाही. मी कापतो."

त्या दिवसापासून मला कवटीची भीती वाटली नाही. सरांची मात्र दुप्पट वाटायला लागली.

*

मग डोकी मोजायचं प्रॅक्टिकल आलं. डोक्याची लांबी-रुंदी मोजायला लोखंडी चिमट्यासारखं एक यंत्र असतं. प्रत्येकीनं दहा डोकी मोजून आणायची. रोशनी यंत्र घेऊन तिवस्याला गेली आणि तिनं शेजारच्या काकूंपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी काकू तापानं फणफणल्या! अख्खी गल्ली रोशनीच्या दारात. काकूंचा मुलगा म्हणाला, "तू डोकं मोजलं अन् मायले ताप आला!" रोशनी रडकुंडीला आली. तेवढ्यात शेजारच्या घरातून काकूंचाच आवाज आला, "मोजलं ते मोजलं, आता तिले म्हणा परत घे!"

शेवटी रोशनीनं सगळ्यांसमोर काकूंचं डोकं पुन्हा मोजलं, उलट बाजूनं. ताप उतरला. सरांना हे सांगायची हिंमत आमच्यात आजही नाही.

*

फिल्डवर्क सेमाडोहच्या बाजूला, वाघांच्या जंगलात होतं. वाघाची भीती मनात भरूनच गेलो, आणि तिथं गेल्यावर कळलं की लोक आम्हालाच भिऊन राहिले! हातात फॉर्म दिसला की दार बंद. त्या बाजूला वाघांसाठी गावं उठवलेली; एकानं फटीतूनच विचारलं, "नाव लिवलं त गाव उठवान का?" नाही हो, कॉलेजचा फॉर्म आहे, असं सांगून सांगून घसा बसला, पण त्याच्या डोळ्यांतली भीती काही गेली नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

एका आजीनं तेवढं अंगणात बसवलं. मी प्रश्न विचारायच्या आधी तिनंच सुरू केलं. बाप काय करते, घर कोठी, लग्न काहून नाही केलं? "बापाले भाऊ किती?"

"एकही नाही. फक्त एक बहीण."

"एकलाच? बिचारा," असं म्हणून आजी उठली. "झालं माहं. आता जा बापा, कामं पडले आहेत!"

माझा फॉर्म कोरा राहिला. आजीला मात्र माझी सगळी माहिती मिळाली.

*

त्यानंतर वंशावळीचा चार्ट. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. सरांचा एकच नियम होता, "पेननंच काढायचा. नात्यात खोडाखोड चालत नाही. पेन्सिल दिसली की शून्य." रोशनीनं सवयीनं आपल्या मावशीचा गोल पेन्सिलनं काढला. शून्य! ती म्हणाली, "सर, मावशी खरी आहे!" सर म्हणाले, "मंग पेननं काढ. रिपीटमध्ये."

*

वार्षिक प्रॅक्टिकलला स्वतःच्या घराचा चार्ट होता. आणि शून्य म्हणजे नापास, नापास म्हणजे अकोला. मी शनिवारी घरी गेले, टेबलावर कागद पसरला आणि पेननं वारलेल्या आजोबांच्या त्रिकोणावर तिरकी रेघ मारली, आत्याचा गोल काढला, बाबांचा त्रिकोण काढला. बाबा चहा घेत शेजारी उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि आपल्या त्रिकोणाशेजारी बोट टेकवलं.

"इथं आणखी एक त्रिकोण काढ," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"सुधाकर. माहा लहान भाऊ."

हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"बारावीत नापास झाला. म्या मारलं त्याले, लय मारलं. घरातून गेला तो गेलाच. तुही माय लग्न होऊन यायच्या पहिले."

मी पेन टेकवला, तर बाबांनी माझं मनगट धरलं. पेन माझ्या हातातून काढून घेतला. बाबांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"पेन नोको. पेन्सिलनं काढ."

"बाबा, पेन्सिलनं शून्य भेटते! मी नापास होईन!"

"पेननं काढला त सर विचारतीन, त्याच्यावर रेघ मारायची का नाही. मले माहीत नाही ना." मग खाली बसून म्हणाले, "झाली नापास त होऊ दे. पण घरीच येजो, बाई. दुसरीकडं कोठी जाजो नोको."

मी पेन्सिलनं त्रिकोण काढला.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांनी माझं जर्नल उघडलं. बोट फिरत फिरत त्या त्रिकोणावर थांबलं. "पेन्सिल?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सुधाकरकाका, मार, बाबांनी धरलेलं मनगट, सगळं.

सरांनी खिशातला पेन काढला. टोपण उघडलं. चार्टकडे पाहिलं, आणि टोपण परत लावलं.

"तुही पेन्सिल दे," ते म्हणाले, आणि त्या पानावर पेन्सिलनं सही केली.