माशांसाठी बोललेला नवस

अर्धांगाच्या झटक्यानंतर आईची वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि ती माणसं ओळखते की नाही हेही कोणाला छातीठोक सांगता येईना. उरली होती फक्त नजर. बैठकीतली माशांची टाकी आम्ही तिच्या पलंगाच्या पायथ्याशी हलवली आणि आई चक्क मासे बघायला लागली. नारिंगी मॉली डावीकडे गेली की हिचे डोळे डावीकडे. डॉक्टर म्हणाले, हे चालू राहू द्या, यातूनच काही वाट निघाली तर निघेल. डॉक्टरांच्या बोलण्यावर मी एरवी फारशी विसंबत नाही, पण ते डोळे हलताना मी स्वतः पाहिले होते. आमच्या घराची सगळी आशा तेव्हा त्या टाकीत पोहत होती.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसभर आईजवळ बाबाच. बाबांचं आयुष्य संरक्षण खात्याच्या कारखान्यात मापं तपासण्यात गेलं. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा हा माणूस निवृत्त झाल्यावर मात्र सगळा भार नर्मदामैयावर टाकून मोकळा झाला. नर्मदाजयंतीला त्यांनी तिलवाऱ्याच्या घाटावरून कॅन भरून नर्मदेचं पाणी आणलं, आईला चमचाभर पाजलं आणि उरलेलं टाकीत ओतलं. माघातलं, बोटं बधिर करणारं पाणी.

"मासेच काहून राहतील मागे? मैयाचं पाणी आहे," ते म्हणाले.

आठवड्याच्या आत माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे दिसू लागले. मासे तळाच्या खडीवर अंग घासायचे, मध्येच झटका दिल्यासारखे पळायचे. कमानिया गेटजवळच्या दुकानदाराने फोटो बघितल्या बघितल्या सांगितलं, "सफेद दाना है, दीदी." रोग नदीच्या पाण्यातून आला की आधीच दबा धरून होता आणि गारठ्याने उठला, देव जाणे. मी औषध आणलं, हीटर आणला, पाणी हळूहळू कोमट केलं. फोनवर वाचवाचून डोळे दुखले. त्यातली एक गोष्ट मी बाबांना पुन्हा पुन्हा सांगितली. दाणे गेले म्हणजे रोग गेला असं नाही. पिकलेला दाणा गळून खडीत पडतो, तिथे फुटतो आणि त्यातून शेकडो किडे नवा मासा शोधत सुटतात. औषध लागू पडतं ते तेव्हाच. म्हणून मासे स्वच्छ दिसले तरी औषध आणि ऊब थांबवायची नाही.

"अच्छा, समजलं," बाबा म्हणाले.

एक दिवस शाळेतून आले तर टाकीतलं औषधाचं हिरवट पाणी गायब. आरशासारखं लख्ख पाणी, झाकणावर झेंडूचं फूल, आणि हीटरची वायर नीट गुंडाळून कपाटावर ठेवलेली. बाबा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसले होते.

"आज एकही दाणा नव्हता बेटा. मी मैयाला बोललो होतो, मासे बरे होऊ दे, तुझ्या पाण्यानं टाकी भरीन. रिक्षा करून आणलं. नवस फेडला."

"बाबा, सगळं औषध काढून टाकलंत?"

"बरे झाले ना! मग औषध काहून ठेवायचं? मैयाचा नवस लांबवत नसतात."

मी तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "चिडून काहून राहिली? तिच्याकडे पाहा ना."

आई बघत होती. पाणी इतकं नितळ होतं की त्या दिवशी ती जेवढी बघत होती तेवढं तिने त्याआधी कधीच बघितलं नव्हतं. मला रडू आलं. मी हीटर पुन्हा लावला, औषध पुन्हा घातलं, पण खडीतून जे उठायचं ते उठलं होतं. यावेळी दाणे डोळ्यांवर, कल्ल्यांत. मासे वर येऊन हवेसाठी तोंड उघडत आणि एकेक करून उलटे होत. बाबा चहाच्या गाळणीने ते उचलायचे, आईकडे पाठ करून. चूक झाली असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मैयाची मर्जी." ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मासे नसले की हा रोग उपाशी मरतो. रिकामी टाकी आम्ही हीटर लावून तशीच चालू ठेवली. महिन्याभराने बाबा स्वतः जाऊन नवे मासे घेऊन आले, भारी जातीचे. आईचा पलंग सरकवला, उशी उंच केली, टाकीतला दिवा लावला. मग काचेवर बोट टेकवून तिला दाखवत राहिले, "हा पाहा, तो पाहा, कसा चालला." आई छताकडे बघत होती. बाबांनी तिची मान हलकेच वळवली. मान वळली, नजर वळली नाही.

मासे ठणठणीत आहेत. त्यांना खायला घालायचं काम आता माझ्याकडे आहे, आणि त्यांना पोहताना पाहिलं की मला त्यांचा राग येतो.