भावनाच्या चिपमधला जुना पत्ता

पिपरी मेघे गावात बातमी फिरली, की नागसेनची पोरगी भावना घरात बसून लोकांच्या पाण्याच्या मोटारी परस्पर बंद पाडते. साफ खोटं. ती मोटारी सुरू करायचा प्रोग्राम लिहिते. पुण्याची नोकरी सोडून आलेली ही मुलगी शेतातल्या पंपांचे ऑटो-स्टार्टर बनवते. लाइन, म्हणजे वीज, आली की मोटार आपोआप चालू. बातमी पसरवणारे कोण, तर तिचं एकुलतं एक गिऱ्हाईक, पंपाच्या सामानाचे दुकानदार बंडूजी.

बंडूजींचा शक सरळ होता. नव्यांपैकी सहा स्टार्टर लाइन आल्यावरही गप्प बसत होते. पोरीनं मुद्दाम खोट ठेवली असणार, म्हणजे दुरुस्तीला पुन्हा तिच्याकडेच. भावना दोन दिवस चूक शोधत होती; तिसऱ्या दिवशी सकाळीच ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

"आज सापडलं तं ठीक. नाई तं काम नागपूरवाल्याले."

भावनाच्या हातात दुसरं काम नव्हतं. तिनं चिपला वायर जोडली, चालता प्रोग्राम मध्येच थांबवला. बंडूजींनी मान लांब केली. प्रोग्राम इथं थांबलाय, असं दाखवत लॅपटॉपवर पाण्याच्या टाकीची ओळ उजळली.

"या स्टार्टरले टाकी जोडलीच नाई. काय लपवून राह्यली तू?"

भावना थबकली. "काका, पुन्हा म्हणा."

चोर सापडला, असं बंडूजींना वाटलं.

तिनं तपासणीचा नकाशा उघडला; चिपमध्ये कोणती ओळ कुठल्या पत्त्यावर आहे, ते लॅपटॉप त्यावरूनच सांगतो. मोबाइलवरूनच प्रोग्राम बदलता यावा, असा हट्ट बंडूजींनीच धरला होता. त्यासाठी तिनं चिपच्या मेमरीत सुरुवातीला एक छोटा प्रोग्राम बसवला आणि मुख्य प्रोग्राम मागं सरकवला. नकाशात मात्र पत्ता जुनाच राहिला. तीन दिवस लॅपटॉप एका घरापुढं उभा राहून दुसऱ्याच घराचं नाव सांगत होता.

पत्ता बदलला, आणि खरी ओळ सापडली: लाइन आल्यावर थोडं थांबून मोटार लावायची, त्या थांबण्याची मागची मोजणी पुसलीच जात नव्हती, म्हणून स्टार्टर अडकत होता. तिनं प्रोग्रामला ती पुसायला लावली. लाइन घालवली, आणली. खट्. स्टार्टर लागला.

बंडूजींनी पाच वेळा करून पाहिलं, टेबलाखालीही वाकून पाहिलं. "इतकं सोपं होतं, तं तीन दिवस काऊन लागले?"

भावना वायर गुंडाळत म्हणाली, "काका, तुमचं दुकान दिवाळीले मागच्या गल्लीत गेलं, पाटी अजून चौकातच हाये. गिऱ्हाईक कुलूप पाहून वापस जाते. मी कोणाले म्हटलं का, बंडूजी पळून गेले म्हणून?"