डबल्यू वहिनीचा

मरायच्या दहा-एक मिनिटं आधी भाऊजींनी वहिनीला फोन केला आणि म्हणाले, "घ्या, लिहा."

वहिनी पडदे शिवते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मशीनच्या बाजूला इस्त्रीचं टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर कायम चार-दोन दोरे लोंबत असतात. तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, वही ओढली, पेन सापडेना म्हणून खुणा करायचा खडू घेतला, मग पेन कानामागेच सापडलं.

"सांगा. आणि किती वेळ लावता हो? गाडी बघताय का गाडीत राहायला गेलाय?"

"सीट पाठ चेपून देते वहिनी. बटण दाबलं की चालू. उठवेना."

"चेपून घ्या. पण आधी नंबर सांगा, इस्त्री तापलीय माझी."

मग भाऊजी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. सासू, वहिनी, आठ, काका, विहीण, असं चाललं होतं. ऐकणाऱ्याला वाटावं कोणाच्या तरी घरची भांडणं सांगतायत. पण तो चासी नंबर होता. प्रत्येक गाडीला असतो, सतरा घरांचा, अक्षरं आणि आकडे मिसळून. अक्षराच्या जागी भाऊजी नातं सांगायचे.

शेवटी शेवटी आले. "शून्य, चार, दोन," भाऊजी म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "वहिनी."

"हं, लिहिलं. पुढं?"

फोनवर काहीच नाही. नुसता श्वास ऐकू येतोय.

"पुढं हो!"

"सात," भाऊजी म्हणाले. "एक. नऊ."

"झालं?"

"झालं."

फोन बंद. वहिनीनं कंपनीची साइट उघडली, एका बोटानं नंबर टाकला. साइट म्हणाली, नंबर चुकीचा आहे. तिनं सुईच्या टोकानं एकेक घर मोजलं. अठरा. परत मोजलं, अठराच. "ह्यांना आता मोजतासुद्धा येईना," असं म्हणून तिनं फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा जुन्या गाड्या विकणारा तो डीलर बोलला.

"वहिनी, साहेब सीटवरच झोपलेत. मी म्हटलं मसाज चालू आहे, झोपू दे. पण आता हलवलं तरी उठत नाहीत." आणि घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "सीट अजून चालूच आहे."

हॉस्पिटलात नेलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच गेलेले होते. हृदय बंद पडलं.

आता ह्यात पहिला राग कोणाचा आला असेल तर डॉक्टरांचा. कारण भाऊजी हा माणूस दर सहा महिन्यांनी फाइल घेऊन तपासून यायचा. साखर, प्रेशर, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी, सगळं. पट्टी काढणाऱ्या बाईला विचारायचे, "हे मशीन शेवटचं कधी तपासलं? कागद दाखवा." त्या बाईनं एकदा त्यांना बाहेर काढलं होतं. फाइल स्वच्छ होती. एक डाग नाही. वहिनीचा नवरा, म्हणजे भाऊजींचा थोरला भाऊ, मोजून दोन वाक्यं बोलतो दिवसाला. तो फाइल मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "सगळे कागद क्लिअर होते."

मग त्याचं दुसरं वाक्य आलं. "बोलावणं आलं त्याला."

वहिनी म्हणाली, "फुकटात बदलून देत असतील तर जाऊ दे."

आणि दोघं त्या हॉस्पिटलाच्या बाकावर असे हसले की समोरची माणसं उठून दुसरीकडं जाऊन बसली. हसता हसता कधी रडायला लागले ते त्यांनाही कळलं नाही.

तर हे बोलावणं काय ते सांगायला पाहिजे. गाडी विकून झाल्यावर कधी कधी कंपनीच्या लक्षात येतं की आपलं काहीतरी चुकलंय. ब्रेकचा पाइप म्हणा, एअरबॅग म्हणा. मग कंपनी त्या सगळ्या गाड्या परत बोलावते आणि तेवढा भाग फुकटात बदलून देते. ह्याला रिकॉल म्हणतात. भाऊजी म्हणायचे बोलावणं. खूप जण जातच नाहीत. कोण जाईल आणि दिवसभर गाडी तिथं ठेवील? गाडी दुसऱ्याला विकतात, तो तिसऱ्याला विकतो, आणि बोलावणं तसंच राहतं. भाऊजींचं काम एवढंच, की कोणी जुनी भारीतली गाडी घेत असेल तर आधी ती बघायची. धडकली होती का, पाण्यात बुडाली होती का, इंजिन टिकेल का, आणि बोलावणं बाकी आहे का.

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांना सगळे मोडता म्हणायचे. ठरलेल्या सौद्यात मोडता घालतो म्हणून. तोंडावर मोडतेसाहेब. भाऊजींना राग नव्हता, ते फोनवरसुद्धा "मोडते बोलतोय" म्हणायचे. स्वतःकडं गाडी नाही. सायकलवर जायचे. दिव्यासारख्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत ही सायकल टेकवून उभी करायचे आणि डीलर लोक एकमेकांना खुणा करायला लागायचे. पिशवीत एक बॅटरी, एक लोहचुंबक आणि वहिनीकडचा उरलेला मरून रंगाच्या मखमलीचा तुकडा. तो जमिनीवर अंथरायचा आणि त्याच्यावर पाठ टेकून गाडीखाली जायचं. एक डीलर म्हणाला होता, "साहेब, राजासारखे झोपता." भाऊजी खालून म्हणाले, "राजाला तुझं ऑइल गळताना दिसत नाही."

पोचल्या पोचल्या पहिलं काम बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं की म्हणायचे, "मी यायच्या आधी हिला कोणी पळवली?" थंड इंजिनाचा आवाज लपवायला डीलर आधीच गाडी चालू करून ठेवतात ना. मग सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढायचा. वरचा पट्टा धुता येतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या वितीवर पुराचा चिखल राहतोच. मग चावी फिरवून एअरबॅगचा दिवा बघायचा. तो लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी दिवाच काढून टाकलाय.

हे सगळं त्यांना कुठून कळलं, तर ते आधी हेच लपवायच्या धंद्यात होते. गॅरेजमध्ये पत्रा ठोकायचे, खड्डे बुजवायला लांबी भरायचे, रंग मारायचे. हात असा की धडकलेली गाडी कोरी वाटायची. एकदा एका गाडीची एअरबॅग फुटून गेलेली. नवीन महाग, म्हणून मालक म्हणाला, स्पंज भर आणि वरून झाकण चिकटव. भाऊजींनी भरला. सुबक काम. तीन-चार महिन्यांनी त्या गाडीची बाई चेपलेला बंपर दुरुस्त करायला आली, नाकावर एवढं मोठं प्लास्टर. नुसती कुंपणाला धडकली होती, वेगही नव्हता. मालकाला म्हणाली, "फुगा उघडलाच नाही हो." मालक म्हणाला, "नशीब बाई, जिवावरचं नाकावर गेलं." भाऊजी तिथंच उभे, हाताला लांबी लागलेली.

घरी आले आणि जेवले नाहीत. वहिनीला म्हणाले, "ते नाक मी फोडलं."

वहिनी तेव्हा नवीनच सून होती, पण तिची जीभ काही नवीन नव्हती. म्हणाली, "फोडलं ना? मग आता बाकीच्यांची सांभाळा. घरात बसून ह्याचं काय होणार?"

झालं. गॅरेज सुटलं आणि मोडता सुरू झाला. लग्न केलं नाही. बघायला गेले होते दोनदा. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांची गाडी दारात होती, हे आधी तिच्याखाली गेले.

गाडीपाशी उभं राहून फोनवर बारीक अक्षरं टाकणं त्यांना जमेना, चष्मा घरी राहिलेला असायचा. म्हणून ते सांगणार आणि वहिनी घरून बघणार, असं ठरलं. वहिनी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं येतात, पण फोनवर बी, डी, पी, टी सगळं एकच ऐकू येतं. एकदा बीचा डी झाला आणि भलत्याच गाडीचं बोलावणं निघालं. डीलर भाऊजींच्या अंगावर धावून गेला. त्या दिवशी दोघांनी बसून नाती वाटली. बी भावाचा, डी दिराचा, पी पुतण्याचा. आरला नातं मिळेना म्हणून रुसलेली आत्या. एक्सला काहीच नाही, त्याला फुली.

व्ही आणि डबल्यूवर मात्र भांडण झालं. आपल्या तोंडात दोन्ही व. शेवटी व्ही विहिणीचा ठरला.

"आणि डबल्यू वहिनीचा," भाऊजी म्हणाले. "रुंद आहे ना."

वहिनीनं त्यांना मोजपट्टीनं मारलं होतं.

पण एक घोळ होताच. भाऊजी तिला हाकच वहिनी अशी मारायचे. मधेच म्हणाले "वहिनी, पाणी आलं का?" तर हिचा डबल्यू लिहून व्हायचा. म्हणून नियम केला, नंबर सुरू झाला की संपेपर्यंत हाक मारायची नाही. छप्पर पडलं तरी नाही. हा नियम वहिनीनं केला होता. पंधरा वर्षं भाऊजींनी पाळला.

ते गेल्यावर आठव्या दिवशी त्या गाडीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. गिऱ्हाईक म्हणजे दातांचा डॉक्टर. आईचं पाठीचं दुखणं, तिला सारखं दुसऱ्या शहरात दाखवायला न्यायचं, म्हणून त्याला ती पाठ चेपणारी गाडी पाहिजे होती.

"वहिनी, फार वाईट झालं," तो म्हणाला. "माझ्यासाठीच गेले होते."

"तुमच्यासाठी गेले, गाडीतून गेले. बोला."

"नाही, म्हणजे विचारू नये, पण... गाडीचं काय? मी डीलरकडंच बसलोय. तो म्हणतो साहेबांनी गाडी पास केली."

"कोण म्हणतं?"

"डीलर. म्हणतो त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. साहेब फोनवर म्हणाले, झालं. दोनदा विचारायचं कामच नाही म्हणतो."

वहिनीच्या हातात कात्री होती, ती तिनं खाली ठेवली. ते झालं तिला म्हटलेलं होतं. नंबर झाला, एवढंच. तो डीलर मेलेल्या माणसाची सही मारत होता, आणि ह्या बिचाऱ्याची आई पुढच्या सीटवर बसणार होती. आणि खरं काय ते जगात एकट्या वहिनीला माहीत होतं, पण डीलर देईल त्या नंबरावर भरवसा नाही, आणि तिच्याकडं होता अठरा घरांचा नंबर.

"सही करू नका," ती म्हणाली. "अर्धा तास कोणाला काही बोलू नका. फोन करते."

वही त्या दिवसापासून तिथंच, इस्त्रीच्या टेबलाखाली पडली होती. तिनं उघडली. अठरा. ह्यातलं एक जास्तीचं. कोणतं? तिनं सासू काढून बघितली. साइट म्हणाली चुकीचा. काका काढला. चुकीचा. मग पहिल्यापासून तोंडानं म्हणायला लागली, भाऊजी म्हणायचे तसं, तसंच थांबत थांबत. दुसऱ्या घरात एक वहिनी होती, ती बरोबर. पुढं गेली. शून्य, चार, दोन, वहिनी...

आणि तिथं थांबली. भाऊजींनी तिला शंभरदा सांगितलं होतं, ह्या कंपनीच्या नंबरची शेपटी नुसत्या आकड्यांची. शेवटच्या सहांत अक्षर येतच नाही.

म्हणजे ते अक्षर नव्हतं. हाक होती.

पंधरा वर्षांत एकदा नियम मोडला माणसानं. आणि हिनं काय केलं, तर लिहून घेतलं. वर म्हणाली पुढं. आणि ते येडं पुढं गेलं. छातीत काय होत असेल देव जाणे, पण सात, एक, नऊ सांगून मगच फोन ठेवला.

वहिनी किती वेळ बसली माहीत नाही. इस्त्रीखाली कोणाचा तरी पडदा होता, त्याचा वास यायला लागला तेव्हा उठली. बटण बंद केलं. पडद्याला तिकोनी डाग पडला होता. परत बसली. तो डबल्यू तिनं खोडला नाही. अंगठ्याखाली झाकला आणि बाकीचे सतरा टाकले.

साइट उघडली. बोलावणं बाकी. चार वर्षांपासून. ड्रायव्हरच्या शेजारची एअरबॅग.

तिनं फोन लावला. "डॉक्टर, गाडी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर आधी एअरबॅग बदलून आणायला सांगा, फुकटात होते. पास कोणी केली नाही. झालं म्हणाले ते मला म्हणाले."

"पण हा तर कागद दाखवतोय..."

"कागद त्याला पाठ चेपायला द्या. नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या वर्कशॉपात स्वतः विचारा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आहे का पेन?"

"आहे आहे. सांगा."

ती सांगायला लागली. तिला दुसरी पद्धत येतच नव्हती.

"सासू."

"काय?"

"एस हो! सासूचा एस. पुढचा वहिनी."

"व्ही?"

"व्ही विहिणीचा. वहिनीचा डबल्यू."

"कोणाच्या वहिनीचा?"

"तुम्ही लिहा!" वहिनी ओरडली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला आपला नेहमीचा आवाज ऐकू आला. "आठ. काका. विहीण, आता हा व्ही."

डॉक्टर लिहीत होता. मागून डीलरची काहीतरी बडबड चालली होती. ती शेपटीपर्यंत आली. शून्य. चार. दोन.

"वहिनी," डॉक्टर म्हणाला.

तिचं बोट तिथंच राहिलं, वहीवर, त्या डबल्यूवर.

"काय झालं?" तिनं एकदम विचारलं. "काय होतंय? बोला ना, काय होतंय?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाला. "पेन संपलं. जरा थांबता का?"

"थांबते," वहिनी म्हणाली. "सावकाश बघा. मी आहे."