चौदा दिवसांचा तक्ता

"काका, बाबा उठत नाहीये. आई बोलली, तुम्ही या."

इंगवल्यांच्या ऋतुजाचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होतो. मुलगी कोलकात्यातच वाढलेली, घाबरली की तिचं मराठी जास्तच अडखळतं. बेहालातल्या आमच्या घरापासून त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं, म्हणाले. शालनवहिनी उशाशी बसून होत्या, रडत नव्हत्या. खोटं कशाला सांगू, इंगवल्यांच्या पायाशी उभा असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या खटल्याच्या तारखेचा. ती अठरा दिवसांवर होती. आणि दुसरा विचार असा, की आता ती गोष्ट एकट्या मलाच ठाऊक आहे.

सुभेदार पांडुरंग इंगवले मूळचे खटाव तालुक्यातले. शेवटची बदली इथल्या फोर्ट विल्यमच्या छावणीत झाली, तिथूनच निवृत्त झाले आणि मुलीच्या शिक्षणासाठी इथेच राहिले. हावड्याच्या एका कारखान्यात सुरक्षा बघायचे. आमची ओळख इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. मी बँकेतला, जन्माचा भित्रा. ऑडिट म्हटलं की आदल्या दिवशी मला ताप भरायचा. इंगवले माझी यथेच्छ टिंगल करत. "मॅनेजरसाहेब, तुम्हाला पोस्टवर नेलं असतं ना, तर समोरचा शत्रू गोळी घालायचं सोडून तुम्हाला पाणी पाजायला आला असता!" असं म्हणून स्वतःच इतके हसत, की वहिनी आतून ओरडत, "अहो, छातीला जपा."

छातीचं दुखणं फोर्ट विल्यमच्या दिवसांत कागदावर आलं. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने तपासलं आणि शेरा मारला, हृदयविकार आहे, पण त्याचा सेवेशी संबंध नाही. तो शेरा असला की अपंगत्वाचं निवृत्तिवेतन नाही. इंग्रजी लिहिण्यापुरता मी उपयोगाचा, म्हणून अपील माझ्याकडून लिहून घेतलं. तेव्हा मला कळलं, की असा आजार नोकरीमुळे झाला की नाही हे ठरवताना दुखणं सुरू होण्याआधीच्या चौदा दिवसांचा तक्ता बघतात. त्या दिवसांत माणूस काय काम करत होता, किती ताण होता, ते त्याच्या युनिटने लिहून द्यायचं असतं. इंगवल्यांच्या तक्त्यात होतं : कोठारातल्या घोंगड्यांची मोजदाद, कचेरीचं काम, सकाळची पीटी, रविवारी सुट्टी. आता या माणसाच्या हृदयावर कोणता ताण होता म्हणायचं? पहिलं अपील फेटाळलं गेलं. दुसरंही. कागद बघणाऱ्यांना तरी दोष कसा देऊ? त्यांच्यासमोर घोंगड्याच होत्या.

दुसरा नकार आला त्या आठवड्यात आम्ही हावड्याहून फेरीबोटीने परत येत होतो. इंगवले कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते. मी आपला बडबडत होतो, की आता न्यायाधिकरणात जाऊ, वकील बघू. मध्येच ते म्हणाले, "तक्ता खोटा आहे, मॅनेजरसाहेब. दुखणं इथं नाही सुरू झालं. वर झालं, बर्फात. इथं यायच्या दीड वर्ष आधी." वरच्या पोस्टवर त्यांच्या हाताखाली नऊ जण होते. एक जवान दरडीखाली सापडला, त्याला त्यांनी सहा तास ओढत खाली आणलं. त्या संध्याकाळी पहिली कळ आली, डाव्या हातापर्यंत. त्यानंतर वरचेवर यायची. पण ते एकदाही सिक रिपोर्टला गेले नाहीत, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरपुढे उभे राहिलेच नाहीत. सुभेदाराने आजारी म्हणून खाली उतरायचं आणि पोरांनी वर राहायचं, हे त्यांच्या पलटणीत कुणी केलं नव्हतं. कळ आली की तंबूमागे जाऊन बसायचे. शांत ठिकाणी बदली झाली, तेव्हा कुठे डॉक्टरला छाती दाखवली, आणि म्हणून चौदा दिवस मोजले गेले ते घोंगड्यांचे.

"मग हे लिहू या की!" मी म्हटलं.

"नाही." त्यांनी माझं मनगट धरलं. "पोस्टचा प्रमुख आजार लपवून बसला होता, हे मी लिहून देऊ? ऐन वेळी मी कोसळलो असतो तर नऊ माणसं गेली असती. हे तुमच्यापाशी राहू दे. शालनपाशीसुद्धा बोलायचं नाही." या माणसाला घाबरलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. मी शब्द दिला. पण त्यानंतर दारात पोस्टमन दिसला की त्यांच्याइतकंच माझंही काळीज लकलक करायचं, कारण आता हरण्याचं खरं कारण मला माहीत होतं.

ते गेल्यावर वकिलांनी अर्ज करून वहिनींना त्यांच्या जागी उभं केलं आणि पुढची तारीख घेतली. आता तर मृत्यूही सेवेमुळे झाला की नाही, हा प्रश्न होता. वकिलांनी मला विचारलं, "कुणी साक्षीदार आहे का, दुखणं आधीचं होतं असं सांगणारा?" मी नाही म्हणालो. शब्द दिला होता हे एक झालं. पण खरं कारण निराळं होतं. सांगितलं आणि लपवलं म्हणून उलट ठपका बसला तर? वहिनींच्या हातचं साधं निवृत्तिवेतनही गेलं तर? सगळे 'तर' माझेच होते. महिनाभर मला धड जेवण गेलं नाही.

गेल्या आठवड्यात सुनावणी झाली. समोर एक न्यायाधीश आणि त्यांच्या शेजारी सैन्यातले निवृत्त वरिष्ठ अधिकारी. वकील म्हणाले, भरतीच्या वेळी माणूस निरोगी होता, तेव्हा शंकेचा फायदा सैनिकाला मिळायला हवा. अधिकारी कागद उलटत होते. त्यांनी विचारलं, "दो साल ऊपर थे। एक बार भी सिक रिपोर्ट नहीं। क्यों?" वकील फाईल चाळू लागले. मी मागच्या बाकावर होतो. उठायचं ठरवलं, खरंच ठरवलं… पण बाकाची कड धरून तसाच बसून राहिलो.

उठल्या त्या वहिनी. पदर सावरून त्या म्हणाल्या, "साहेब, वो डरते थे."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "किससे?"

"नीचे उतारेंगे, इससे. उनकी जगह दूसरा कोई ऊपर जाएगा और वापस नहीं आएगा, इससे. छुट्टी पे आते तो बैठ के सोते थे, छाती पकड के. मुझे गले की शप्पथ डाली थी, किसी को बोलना नहीं. मैं आज तक नहीं बोली."

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं त्यांच्या घरी समोरासमोर बसून, एकाच माणसाच्या शपथेखाली, आम्ही दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो. अधिकाऱ्यांनी वहिनींचं म्हणणं शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं. निकाल राखून ठेवला आहे. काय लागेल, सांगता येत नाही.

मेट्रोतून परतताना वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. घर आलं तरी कुलपाला किल्ली लावेनात. म्हणाल्या, "भाऊजी, चारचौघांत मी त्यांना भित्रा ठरवून आले का हो?"

नाही म्हणायला हवं होतं, लगेच.

"तुम्ही आधी आत जा," त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "आत त्यांचा फोटो आहे. मला एकटीला जायची भीती वाटते."

मी कुलूप काढलं. खोलीत अंधार होता आणि इंगवल्यांच्या केसांच्या तेलाचा वास अजून तसाच होता. भिंतीवर ते गणवेशात असणार हे मला ठाऊक होतं. मी चाचपडत बटण शोधलं, दिवा लावला आणि खाली मान घालून वहिनींना म्हणालो, "या."